जौहरच्या चालीचं रसग्रहण

आळीपाळीनं खेळायच्या युद्धाच्या गेममध्ये एक गोष्ट हमखास घडते. आपला सरदार जखमी होऊन उघड्यावर सापडलेला असतो, भोवती राखणीला कुणी उरलेलं नसतं. शत्रूचा घोडेस्वार दोन टर्नच्या अंतरावर असतो. आता संपलं, असं म्हणत आपण आपला टर्न संपवतो, आणि तो घोडेस्वार आपल्याकडे यायचं सोडून उलट्या दिशेला, नकाशाच्या कोपऱ्यातल्या एका क्षुल्लक गावात जाऊन उभा राहतो. खेळणारा हसतो. ‘एआय येडं आहे’ हा पहिला निकाल. पुढच्या टर्नला तेच येडं अचूक घाव घालतं, तेव्हा दुसरा निकाल लागतो : ‘गेम चीटिंग करते.’

शत्रू मूर्ख तरी असतो किंवा लबाड तरी. चक्रावून टाकणारी चाल दिसली की आपण या दोन्हींपैकी एक शिक्का मारून मोकळे होतो. बुद्धिबळाच्या डावावर टिपणं लिहिणाऱ्यांनी मात्र एक चांगली सोय करून ठेवली आहे. वाईट चालीपुढे प्रश्नचिन्ह, उत्तम चालीपुढे उद्गारचिन्ह, आणि विचार करायला लावणाऱ्या चालीपुढे दोन्ही चिन्हं एकापाठोपाठ. पन्हाळ्याच्या वेढ्यातल्या सिद्दी जौहरच्या चाली या तिसऱ्या जातीच्या आहेत असं माझं मत आहे. साडेतीनशेहून अधिक वर्षं आपण त्यांच्यापुढे फक्त प्रश्नचिन्ह लावत आलो, आणि त्यामुळे शिवाजी महाराज वेढ्यातून निसटले त्या रात्रीतला अर्धा रस आपल्या हातून गेला.

आधी त्या घोडेस्वाराचा हिशेब लावू. ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ ही गेम डेव्हिड व्हाइटनं 2003 मध्ये आणली. ती फुकट आहे आणि तिचा सगळा कोड कुणालाही उघडून वाचता येतो. म्हणून इथल्या शत्रूच्या मनात काय चाललं आहे याचा तर्क करत बसावं लागत नाही. षटकोनी घरांच्या पटावर संगणकाची पाळी आली की तो शक्य त्या कामांना गुण देतो. मूळच्या रचनेत हल्ल्याला एक लाख, गाव ताब्यात घेण्याला साठ हजार, दूरच्या लक्ष्याकडे सरकण्याला वीस हजार. ज्या कामाचे गुण जास्त ते आधी. आपला जखमी सरदार या टर्नमध्ये घोडेस्वाराच्या टप्प्यात नव्हता, म्हणजे हल्ल्याचा प्रश्नच मिटला. उरलं गाव आणि उरली लांबची चाल. साठ हजार वीस हजारांना भारी पडले. घोडेस्वार येडा नव्हता, त्याची प्रतवारी निराळी होती.

आणखी एक बारकावा आहे. हल्ला तोलताना हा शत्रू स्वतःचं नुकसान पूर्ण मोजत नाही. आक्रमकतेचा आकडा मुळात 0.4 ठेवलेला असतो, त्यामुळे स्वतःच्या बाजूची हानी तो साठच टक्के धरतो. म्हणून तो मधूनच स्वतःचं माणूस आपल्या भाल्यांवर फेकतो आणि आपण पुन्हा चक्रावतो. थोडक्यात, शत्रूची चाल समजून घ्यायची तर दोन प्रश्न पुरतात : त्याच्या लेखी कशाची किंमत किती, आणि त्याला दिसतं काय?

हे दोन प्रश्न घेऊन 1660 च्या पन्हाळ्यावर जायचं आहे.

अफझलखानाचा वध 10 नोव्हेंबर 1659 चा. त्याच महिन्याच्या 28 तारखेला पन्हाळा स्वराज्यात आला. हा वेग विजापूरला झेपणारा नव्हता. अली आदिलशहानं कर्नूलच्या सिद्दी जौहरला सलाबतखान असा किताब देऊन धाडलं. महाराज तेव्हा मिरजेला वेढा घालून होते, तो उठवून 2 मार्च 1660 ला ते पन्हाळ्यावर आले आणि जौहरनं गडाला मिठी घातली. इकडे पुण्यात मोगलांचा शाइस्ताखान येऊन बसला, पुढे त्यानं चाकणचा संग्रामदुर्ग घेरला. पटाच्या दोन टोकांना दोन शत्रू आणि राजा एका कोपऱ्यात कोंडलेला, अशी ती मांडणी.

जौहरची पहिली चाल म्हणजे चाल न करणं. तो महिनोन्‌महिने बसून राहिला. पन्हाळा चढून घ्यायचा गड नव्हे. कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरवरचा हा दख्खनमधल्या सर्वांत मोठ्या किल्ल्यांपैकी एक. तटबंदी आणि कडे मिळून त्याचा घेरच एवढा की तो नुसता वेढायलाही प्रचंड फौज लागते. तीन दरवाजाची दुहेरी रचना पाहिली, किंवा वाघ दरवाजात शत्रूला आत घेऊन छोट्या चौकात कोंडायची केलेली सोय पाहिली, की हल्ला करणाऱ्याचं गणित लगेच ध्यानात येतं. आत अंबरखान्यातल्या गंगा, यमुना, सरस्वती या कोठारांत धान्य, अंधार बावडीत पाणी. अशा गडावर माणसं फेकणं म्हणजे खर्च फार आणि मिळकत थोडी. जौहरनं तो खर्च टाळला. राजापूरचे इंग्रज, हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याचे साथीदार, तोफ घेऊन त्याच्या मदतीला आले आणि आपलं निशाण फडकावून गडावर गोळे टाकू लागले. (मराठ्यांशी केलेला करार मोडून केलेला हा उद्योग त्यांना महागात पडला. पुढच्याच वर्षी राजापूरची वखार लुटली गेली आणि रेव्हिंग्टन कैदेत पडला.) नेताजी पालकरांनी बाहेरून वेढा फोडायचा प्रयत्न केला, तोही जौहरनं परतवला.

मग पाऊस आला. गडावरच्यांचा आडाखा असा असणार की आषाढ लागला की वेढा सैल पडेल, कारण सह्याद्रीच्या पावसात उघड्यावर फौज टिकत नाही. जौहरनं छावणीवर छपरं घालून घेतली असं सांगतात. पावसाळ्यात पन्हाळ्याला गेलेल्या कुणालाही याचं मोल कळेल. दिवसचे दिवस आभाळ जमिनीवर उतरलेलं, दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, सरपण पेटत नाही. अशात चार महिने पकड न सोडणारा सेनापती आळशी किंवा बावळट असू शकत नाही. हे नीट ठसलं नाही तर पुढच्या रात्रीचा रस येणार नाही, कारण मूर्खाला फसवण्यात कसली आली कला?

आता खरी चाल. गंगाधरपंत हे वकील गडावरून खाली उतरले. शरण येण्याची बोलणी झाली, भेट ठरली. आणि वेढा ढिला पडला.

इथेच आपण जौहरपुढे मोठं प्रश्नचिन्ह लावतो. ऐन मोक्याला पहारा सैल केला! पण त्याच्या जागी बसून मोजा. चार महिने त्यानं जे विकत घ्यायचं टाळलं होतं, ते आता फुकट मिळणार होतं. राजा स्वतःच्या पायांनी गड उतरून येणार होता. कोंडलेल्या राजानं शरण येणं हा त्या काळच्या युद्धांचा नेहमीचा शेवट. विजापूरच्या सेनापतीला तो शेवट खरा वाटला, यात नवल कसलं? शिवाय पाऊस, थकवा, चिखल. उद्या युद्ध संपणार आहे असं एकदा सैनिकाला कळलं की पहाऱ्याची धार आपोआप बोथट होते, त्यासाठी वरून हुकूम यावा लागत नाही. महाराजांनी या चालीत शत्रूचे डोळे बांधले नाहीत. त्यांनी त्याच्या प्रतवारीत हात घातला. त्याच्या लेखी पहिल्या क्रमांकावर होतं गड घेरून ठेवणं, ते खाली सरकलं, आणि उद्याची भेट वर चढून बसली.

12-13 जुलै 1660 ची ती रात्र. तिथी आषाढी पौर्णिमेच्या आसपासची, म्हणजे खरं तर चांदण्याची. पण आषाढातलं आभाळ चंद्राला विचारत नाही. वेस्नॉथसारख्या गेममध्ये नकाशाचा नजरेआडचा भाग धुक्यानं झाकतात, युद्धशास्त्रातही धुक्याचं रूपक जुनंच आहे. पन्हाळ्याला रूपकाची गरज नव्हती, त्या रात्री धुकं खरोखरचं होतं. राजदिंडीच्या वाटेनं सुमारे सहाशे माणसं उतरली. बहुतेक बांदलांचे मावळे, सोबत बाजीप्रभू देशपांडे. मसाईच्या पठारावरून विशाळगडाकडे, साठेक किलोमीटर. मसाईचं पठार म्हणजे उघडं माळरान, आडोसा नाही, झाड नाही. कोरड्या हंगामात तिथे घोडदळानं पायदळाला गाठलं तर निकाल पाहायला थांबावं लागणार नाही. चिखल आणि धुकं यांनी त्या पठाराची किंमतच बदलून टाकली. भूमी तीच, घरं तीच, पण त्या एका रात्रीपुरते घोड्याचे गुण कमी आणि पायाचे गुण जास्त.

यानंतर डावातली सगळ्यांत विलक्षण चाल येते. हेरांना चाहूल लागली आणि जौहरच्या फौजेतला सिद्दी मसूद घोडदळ घेऊन पाठलागाला निघाला. पालख्या दोन होत्या. एकीत शिवा काशीद, नेबापूरचे, जातीनं नाभिक, परंपरा सांगते त्याप्रमाणे चेहऱ्यामोहऱ्यानं महाराजांसारखे. ती पालखी मसूदच्या हाती लागली, आणि तो वळला. पालखी घेऊन छावणीकडे परत.

वरून सगळा पट पाहणाऱ्याला ही चाल अनाकलनीय वाटते. सावज अवघ्या काही कोसांवर आहे, घोडी ताजी आहेत, आणि शिकारी माघारी फिरतो! आपण प्रेक्षागृहात बसून मसूदला हसतो. पण त्याच्या पटावर राजा एकच होता आणि तो सापडला होता. राजा सापडला की डाव संपतो, हे बुद्धिबळाचं पहिलं कलम. उरलेल्या प्याद्यांमागे रात्रभर चिखल तुडवत कोण जाईल? मसूदची चाल निर्दोष होती, फक्त ती दुसऱ्याच पटावरची होती. आणि तो दुसरा पट त्याच्यासमोर मांडला होता पालखीत बसलेल्या माणसानं. घडी दोन घडी नव्हे, छावणीत नेऊन ओळख पटेपर्यंतचा सगळा वेळ.

शिवा काशीदांपाशी गेमची उपमा संपते, आणि संपायलाच हवी. वेस्नॉथमध्ये एक भालाईत चौदा सोन्याला भरती होतो. सरदाराला वाचवायला तो पुढे सारताना खेळणाऱ्याच्या पोटात काही हलत नाही, आणि आपण आमिष आहोत हे त्या सोंगटीला माहीत नसतं. पालखीतल्या माणसाला सगळा डाव माहीत होता. शत्रूला किती वेळ चुकीचं दिसत राहील हे त्याच्या तोंडावर, बोलण्यावर, न बोलण्यावर अवलंबून होतं. पट पूर्ण पाहणारा आणि तरीही पटावर उभा असलेला असा खेळाडू कुठल्याही गेममध्ये नसतो.

फसवणूक उघड झाली आणि मसूद पुन्हा निघाला. विशाळगडाच्या अलीकडे घोडखिंडीत बाजीप्रभूंनी त्याला अडवलं. इथलं कथानक मराठी माणसाला पाठ आहे, म्हणून एकच बारकावा सांगतो. आळीपाळीच्या गेममध्ये एक नियम असतो : शत्रूच्या लगतच्या घरात पाऊल पडलं की तिथेच थांबावं लागतं, त्याला वळसा घालून सरळ पुढे निघून जाता येत नाही. खेळणारे त्याला सोंगटीचा धाक म्हणतील. या नियमामुळे अरुंद वाटेत एक सोंगटी अख्खी फौज अडवते. शत्रू मग एकामागून एक समोरून धडका देत राहतो, आणि बघणाऱ्याला प्रश्न पडतो की हा बाजूनं का जात नाही? उत्तर वरच्या गुणांत आहे : हल्ला लाखाचा, वळसा वीस हजारांचा. मसूदला तर वळसा नव्हताच. ओढे फुटलेले, रान निसरडं, आणि जो वेळ वळसा घालण्यात जाणार तोच नेमका त्याच्यापाशी नव्हता. बाजीप्रभू खिंड जिंकायला उभे नव्हते. शत्रूचे टर्न खाऊन टाकायला उभे होते. पुढे विशाळगडालाही सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी वेढा घालून बसले होते, तो मोडून महाराज वर गेले. इशारतीच्या तोफा झाल्या. खिंडीत उभी राहिलेली बहुतेक माणसं परत आली नाहीत.

सप्टेंबर 1660 मध्ये पन्हाळा तहानं आदिलशहाला दिला गेला. कोरडा हिशेब मांडला तर जौहरला नेमून दिलेलं काम झालं होतं, गड मिळाला होता. गेममध्ये या जागी विजयाची पाटी झळकली असती. दरबारात झळकला संशय. शिवाजी निसटला म्हणजे जौहर फितूर झाला असणार, असा निष्कर्ष विजापूरनं काढला, आणि सेनापती धन्याच्या मनातून उतरला तो कायमचाच. सुरुवातीचे दोन निकाल आठवा. विजापूरनं दुसरा उचलला : लबाड. आपल्या नाटक-सिनेमांनी पहिला उचलला : मूर्ख. पगडी सावरत गडगडाटी हसणारा, मद्याच्या पेल्यात बुडालेला जौहर रंगवणं सोपं असतं, आणि टाळ्याही पडतात. पण असा शत्रू समोर ठेवला की महाराजांची चाल लहान होते, शिवा काशीदांचं धैर्य योगायोगावर येऊन ठेपतं. रसिकतेच्या दृष्टीनं तो तोट्याचा सौदा आहे.

याच गडावर विचार करायला लावणाऱ्या चालींची ही जात पुन्हा पुन्हा दिसते. 6 मार्च 1673 ला कोंडाजी फर्जंदानं साठ माणसांनिशी रात्री पन्हाळा घेतला. आतल्यांनी माणसं मोजली नाहीत, अंधारातल्या शिंगांचा आवाज मोजला, असं सांगतात. जयराम पिंड्ये यांनी त्यावर संस्कृतात ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ रचलं. मग 1701 मध्ये औरंगजेब स्वतः पन्हाळ्याखाली येऊन बसला, इंग्रजांचा वकील विल्यम नॉरिस त्याला इथेच भेटला, आणि किल्लेदाराला पैसे चारून गड घेतला गेला. वयाच्या ब्याऐंशीच्या पुढे एक बादशहा किल्ल्यामागून किल्ला घेत हिंडतो, पुढच्यापाशी पोचतो तोवर मागचा हातचा जायला लागलेला, आणि मोकळ्या मुलखातल्या मराठी फौजा तशाच मोकळ्या. त्याची किंमतपट्टी वेस्नॉथच्या घोडेस्वाराचीच : आधी गाव, मग बाकीचं. पन्हाळाही काही वर्षांत मराठ्यांकडे परतला.

‘एम्पायर : टोटल वॉर’ ही 2009 ची गेम नेमकी 1700 सालापासून सुरू होते आणि तिच्यात मराठे घेऊन खेळता येतं. सुरुवातीच्या आवृत्तीत संगणकाचा शत्रू समुद्र ओलांडून फौज उतरवतच नसे. खेळणारे त्यावर डोकं खाजवत राहिले. तिथे कुठलंही खोल वाचन कामाचं नव्हतं, कोडात खोट होती आणि नंतर ती दुरुस्त झाली. प्रत्येक विचित्र चालीमागे अर्थ असतोच असं नाही, हेही नमूद करून ठेवतो.

आता मूळ मुद्द्यातला पेच. वेस्नॉथच्या पटावर संगणकाविरुद्ध पन्हाळ्याची रात्र खेळता येत नाही. कारण साधं आहे : धुकं तिथे फक्त माणसाला असतं. संगणकाच्या शत्रूला धुक्याआडचं सगळं दिसतं. बऱ्याच गेममध्ये अशीच सवलत असते, कारण ‘न दिसणं’ आणि तरीही शहाण्यासारखं वागणं हे संगणकाला शिकवणं, सगळं दाखवून खेळवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. सगळं दिसणाऱ्या मसूदला दोन पालख्या दाखवून काय उपयोग? तो थेट खऱ्या पालखीवर जाईल. त्याला वकील पाठवून काय उपयोग? त्याला उद्याची आशाच नाही. फसवता येण्यासाठी आधी शत्रूकडे अपुरी नजर आणि पुरेशी बुद्धी अशा दोन्ही गोष्टी असाव्या लागतात. जौहरकडे त्या होत्या.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात पन्हाळा आहे. पाट्या लागतील, प्रकाशझोत लागतील, नवे माहितीपट निघतील. माझी विनंती मात्र कोल्हापूर-पुण्याकडे संगणक शिकणाऱ्या मुलामुलींना आहे. वेस्नॉथचा कोड खुला आहे, नकाशे काढायचं साधन गेमसोबतच मिळतं, नवा प्रसंग रचायला कुणाची परवानगी लागत नाही. राजदिंडीपासून विशाळगडापर्यंतची वाट षटकोनी घरांत मांडा. पाऊस घाला, मसाईचं पठार घाला, दोन पालख्या घाला, घोडखिंड तीन घरांहून रुंद ठेवू नका. आणि खेळणाऱ्याला जौहरच्या बाजूनंही खेळू द्या, त्याला दिसत होतं तेवढंच दाखवून.